बागेत, ल्यों आणि फ्रेंचांचं वाकडं तोंड

आळूवडी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज भडास काढायला धागा काढतेय. नवऱ्याच्या नोकरीमुळे दीड वर्ष झालं फ्रान्समध्ये लियॉनला राहतोय. यायच्या आधी पुण्यात क्लास लावून डेल्फ या फ्रेंच परीक्षेची बी-वन पातळी दिली होती, मार्क पण चांगले होते, त्यामुळे कॉन्फिडन्स असा की विमानातच एअर होस्टेसशी फ्रेंचमध्ये गप्पा मारत आले (ती पण हसून बोलली बिचारी, तिचा पगारच त्याचा).

आता ऐका. पहिल्याच आठवड्यात घराखालच्या बेकरीत गेले, तो लांब पाव असतो ना, बागेत, तो मागितला. "अं बागेत, सिल वू प्ले." काउंटरवरची बाई, माझ्यामागे सहा माणसं रांगेत, मोठ्यांदा म्हणते, "युन! युन बागेत!" म्हणजे पाव स्त्रीलिंगी आहे हे आधी कळलं पाहिजे, पाव नंतर. मी शाळेतल्या मुलीसारखं "युन बागेत" म्हटलं तेव्हा कुठे हातात पडला. घरी येऊन नवऱ्याला जवळजवळ रडतच सांगितलं तर हा म्हणतो, बागेत गेलीस ते गेलीस, भांडण कशाला केलंस.

दुसरा प्रसंग बँकेत. घरून वाक्यं पाठ करून गेलेले, पहिलं वाक्य अर्ध्यात असतानाच समोरचा मुलगा इंग्लिशमध्ये सुरू. आणि त्याचं इंग्लिश माझ्या फ्रेंचपेक्षा वाईट होतं हो! तिसरं म्हणजे शेजारच्या आजी, सत्तरीच्या पुढच्या, त्यांच्याशी मी अर्धा तास एकही इंग्लिश शब्द न वापरता बोलले आणि शेवटी त्या काय म्हणाल्या तर "पा माल". म्हणजे "वाईट नाही". एवढंच??

माझा प्रश्न साधा आहे, यात माझी काय चुक? चुकलं की तोंड वाकडं, नाही चुकलं तर "वाईट नाही", आणि प्रयत्न केला तर इंग्लिश. नेमकं हवंय काय या लोकांना?

थालीपीठ२
बागेत 😂😂 नवऱ्याला माझा नमस्कार सांगा.

शब्दवेडा
धागा छान. दोन बारीक गोष्टी. लियॉन नाही, ल्यों, शेवटचा न नाकात जातो. आणि "चुक" नाही, "चूक", चू दीर्घ. जमल्यास आयडीतल्या अळूचं पण बघा.

मुळामुठा
@शब्दवेडा, बाई काय लिहितायत आणि तुम्ही काय करताय 🙏

शिकवणीबाई
मी पुण्यात बारा-तेरा वर्षं फ्रेंच शिकवते, अकरावी-बारावीची मुलं (स्कोरिंग विषय म्हणून घेतात ती) आणि आता जास्त करून कॅनडाला जाणारे इंजिनिअर. आळूवडी, सगळ्यात आधी अभिनंदन, कारण "पा माल" ही शिवी नाही, शाबासकी आहे. शब्द पकडला तर "वाईट नाही", पण बोलताना त्याचा भाव "बरंच चांगलं की" असा असतो. उलट कोणी "पा तेरीब्ल" म्हटलं तर वाईट वाटून घ्या, कारण ऐकायला ते "भयंकर नाही" असं वाटतं आणि अर्थ असतो "काही खास नाही".

हे त्यांच्या शाळेतून येतं असं माझं मत. तिकडे मार्क वीसपैकी. बारावीच्या बाकालोरेआत १२ मिळाले की निकालावर "आसे बियां" म्हणजे बऱ्यापैकी चांगला असा शेरा, १४ ला "बियां", १६ ला "त्रे बियां". वीसपैकी वीस कोणाला द्यायचे हे मास्तरांच्या स्वप्नातही नसतं. आपल्याकडे ९२ टक्के पडले तर घरात सुतक असतं, तिकडे १६ वाल्याला पेढे. अशा शाळेतून वाढलेली आजी "पा माल" म्हणाली ना, तुम्ही १४ च्या वर आहात.

लिंगाचा त्रास मराठी माणसाला जरा वेगळाच होतो. हिंदीवाल्याला दोन लिंगं, आपल्याला तीन, आणि आपली डोक्यात इतकी घट्ट बसलेली असतात की नवीन आत शिरत नाहीत. खुर्ची ती, तिकडेही ती, ठीक. पण समुद्र तो आणि "ला मेर" ती, चंद्र तो आणि "ला ल्युन" ती, टेबल ते आणि "ला ताब्ल" ती. माझी मुलं दोन वर्षांनी पण चंद्राला पुरुष करतात.

एक चांगली बातमी पण आहे. आपला त, द, प, क त्यांच्या कानाला गोड लागतो. इंग्रज माणूस टेबलचा ट हवा सोडून म्हणतो, आपला त दाताला जीभ लावून बिनहवेचा, फ्रेंचचाही तसाच. फक्त तो "यु" सांभाळा, तोंड ऊ चं करायचं आणि आतून ई म्हणायचं. हा घोटून घोटून घेतला की मुलं सगळीकडे तोच वापरतात आणि मग "मेर्सी बोकू" चा शेवटचा ऊ पण तसा होतो, आणि त्याचा अर्थ होतो "धन्यवाद, काय सुंदर ढुंगण". एका विद्यार्थ्याने तिकडे उतरल्यावर टॅक्सीवाल्याला हे म्हटलं होतं, टॅक्सीवाला म्हणे खूष झाला.

आळूवडी
देवा! मी दीड वर्षं बेकरीतल्या बाईला नेमकं काय म्हणतेय आता तपासावं लागेल 😭

@शब्दवेडा आयडी बदलता येत नाही, आईने लहानपणापासून आळूच म्हटलंय.

निळी_छत्री
पॅरिसला अकरा वर्षं झाली, माझे दोन पैसे.

पहिलं, तुम्ही बेकरीत शिरताना बोंजूर म्हटलं होतं का? हसू नका. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात आपण "ओ काका, अर्धा किलो शेंगदाणे" असं बाहेरूनच ओरडतो, काकांना नमस्कार केला तर काकांनाच वाटेल हे उधारी मागायला आलेत. इथे आत पाय टाकला की आधी बोंजूर, संध्याकाळ असेल तर बोंसुआर, मग त्याचं उत्तर ऐकायचं, मग मागणी. हे नाही केलं तर समोरच्याच्या लेखी तुम्ही त्याला माणूसच धरलं नाहीत, मग तुमचं व्याकरण कितीही चोख असो. पहिली तीन वर्षं मला वाटायचं माझं फ्रेंच ऐकून लोक तोंड वाकडं करतात, नंतर कळलं की फ्रेंचपर्यंत गाडी पोचतच नव्हती, बोंजूरलाच पंक्चर.

दुसरं, इंग्लिशमध्ये सुरू होण्याचं. पॅरिसच्या वेटरला तुमचं उच्चारण सुधारण्यात काही रस नाही, त्याला बारा टेबलं बघायची आहेत, तो फक्त वेळ वाचवतो. बँकेतल्या मुलाची गोष्ट वेगळी. फ्रेंच लोकांना स्वतःच्या इंग्लिशची भयंकर लाज असते, शाळेत त्यांच्या इंग्लिशला पण कोणी वीसपैकी वीस दिलेले नसतात, त्यामुळे हाती कोणी परका लागला की तरुण पोरं प्रॅक्टिस करून घेतात. मी उपाय असा करतो की ते इंग्लिशमध्ये बोलले तरी मी फ्रेंचमध्येच चालू ठेवतो, शांतपणे, न चिडता. दोन-तीन वाक्यांत एकजण दमतो, बहुतेक वेळा तोच.

आणि ती बेकरीवाली, ती खरं म्हणजे तुमची मैत्रीण आहे. तिने दुरुस्त केलं, इंग्लिश नाही बोलली. मला ऑफिसात पाच वर्षं कोणी दुरुस्त केलं नव्हतं, मी आपला खुशीत, आणि मग एकदा बॉसने माझा ईमेल पुढे पाठवायच्या आधी गुपचूप चौदा जागी बदललेला दिसला. त्या दिवशी जास्त लागलं.

मोंत्रेआलकर
इकडे कॅनडातल्या फ्रेंच भाषिक क्वेबेक प्रांताचं चित्र ऐका म्हणजे तुम्हाला ल्यों स्वर्ग वाटेल. मॉन्ट्रियलमध्ये दुकानात शिरलं की "बोंजूर-हाय" म्हणतात, म्हणजे तुम्हीच ठरवा कुठल्या भाषेत बोलायचं. यावरून इथे इतकं राजकारण की २०१७ साली क्वेबेकच्या विधानसभेने एकमताने ठराव केला की दुकानदारांनी नुसतं बोंजूर म्हणावं. भाषेचा मूळ कायदा, ज्याला लोक लुआ १०१ म्हणतात, तो १९७७ चा, पाट्या फ्रेंच, परक्या मुलांची शाळा फ्रेंच वगैरे, २०२२ मध्ये तो अजून कडक केला. म्हणजे सरकार म्हणतं फ्रेंच शिका, आणि शिकून दुकानात गेलो की पोरगी आपला उच्चार ऐकून इंग्लिशवर जाते. दोन्हीकडून मार.

पण इथल्या लोकांची नाडी वेगळी आहे. इथे तुम्ही तोडकंमोडकं बोललात तरी म्हातारी माणसं डोळ्यात पाणी आणून ऐकतात. कारण चहूबाजूंनी इंग्लिशचा समुद्र आहे आणि ही भाषा बुडेल ही भीती त्यांना खरीच आहे, त्यामुळे एक गडी वाढला की त्यांना आनंद होतो. फ्रान्समधल्या लोकांना ती भीती तेवढी नाही, त्यांना भाषा मळेल याची भीती.

गंमत म्हणजे हे क्वेबेकवाले पॅरिसला गेले की त्यांनाही इंग्लिशमध्ये उत्तर मिळतं! यांची आईची भाषा, चारशे वर्षांपासूनची! यांच्या सिनेमांना फ्रान्समध्ये सबटायटल लावतात, फ्रेंच सिनेमाला फ्रेंच सबटायटल. आणि यांना म्हणतात तुमचं फ्रेंच शुद्ध नाही, आणि स्वतः "ल वीकेंड", "ल पार्किंग" म्हणतात. इथे वीकेंडला "फँ द सेमेन" आणि पार्किंगला "स्तासिओनमाँ". फ्रान्सच्या रस्त्यावरच्या लाल अष्टकोनी पाटीवर स्टॉप लिहिलेलं असतं, आमच्या इथे "आरे".

थालीपीठ२
आरे?? आमच्या गोरेगावचं आरे तिकडे पोचलं.

शब्दवेडा
@मुळामुठा, तुम्ही मला झापलंत तरी मूळ विषयावर थोडं लिहितो, म्हणजे माझ्यासारख्यांची बाजूही येईल.

फ्रेंच माणूस परक्याची चूक काढतो हे खरं, पण तो आधी स्वतःच्या माणसाची काढतो. त्यांच्याकडे "सि" म्हणजे "जर" च्या मागोमाग "-रे" ने संपणारं क्रियापदाचं रूप आलं की समोरचा लगेच "ले सि नेम पा ले रे" (सि ला रे आवडत नाहीत) म्हणून टोकतो, त्यात सि म्हणजे करवत आणि रे म्हणजे पट्ट्या असा श्लेष आहे, शाळेत घोकून घेतलेला. आकादेमी फ्राँसेझ १६३५ साली कार्डिनल रिशलिअने काढली, चाळीस सभासद, त्यांना "अमर" म्हणतात, आणि त्यांच्या संकेतस्थळावर आजही "हे म्हणा, हे म्हणू नका" असं सदर चालू आहे. १९९० साली शुद्धलेखनाचे काही नियम सोपे केले, कांद्याच्या "ओन्यों" शब्दातला एक आय काढला, काही शब्दांवरची टोपी (अक्षरावरचं ^ हे चिन्ह) काढायला परवानगी दिली. कोणी फार लक्ष दिलं नाही. २०१६ मध्ये शाळेच्या पुस्तकांत ते येणार म्हटल्यावर लोक टोपीसाठी सोशल मीडियावर लढायला उतरले.

आता किस्सा. १८५७ साली फोंतेनब्लोच्या राजवाड्यात लेखक मेरिमेने दरबारी मंडळींना गंमत म्हणून श्रुतलेखन घातलं, मुद्दाम खड्डे असलेलं. सांगतात त्याप्रमाणे सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या ७५ चुका, सम्राज्ञीच्या ६२, धाकट्या द्युमाच्या, म्हणजे ज्याचं पोट लेखणीवर त्याच्या, २४. आणि सगळ्यात कमी, फक्त ३, कोणाच्या? ऑस्ट्रियाच्या मेटरनिखच्या. परका माणूस! हा किस्सा फ्रेंच लोक स्वतःच मिटक्या मारत सांगतात. आणि १९८५ पासून पुढची वीस वर्षं बेर्नार पिव्हो टीव्हीवर अख्ख्या देशाला श्रुतलेखन घालत होता, लोक घरी कागद-पेन घेऊन बसायचे. जिथे श्रुतलेखन हा मनोरंजनाचा कार्यक्रम आहे तिथे बेकरीवाली "युन" म्हणणारच.

अजून एक, भाषा नीट कमावली तर ते दारही उघडतात. लेखक फ्राँस्वा चेंग १९४८ साली चीनहून आला तेव्हा त्याला फ्रेंचचा गंध नव्हता, २००२ मध्ये तो "अमर" झाला. सेनेगलचा कवी आणि माजी राष्ट्राध्यक्ष सेंघोर १९८३ मध्ये.

नदीकाठचा
सगळे गोड गोड सांगतायत म्हणून मी जरा कडू बोलतो, माफ करा. मी मार्सेयला कंपनीत आहे, टीममध्ये सेनेगलचा एक जण. त्याची शाळा फ्रेंचमध्ये, कॉलेज फ्रेंचमध्ये, माझ्यापेक्षा सोडा, आमच्या मॅनेजरपेक्षा सफाईने लिहितो. त्याला दर महिन्याला कोणीतरी म्हणतं, "तुम्ही फ्रेंच किती छान बोलता!" तो हसतो आणि विचारतो, "तुम्हीही, कुठे शिकलात?" हे कौतुक नाहीये हो, हे "तू आमचा नाहीस" आहे, साखर लावून.

उच्चारांची पण जातव्यवस्था आहे. इंग्लंडची गायिका-नटी जेन बर्किन पन्नासहून जास्त वर्षं फ्रान्समध्ये राहिली, शेवटपर्यंत इंग्लिश हेल आणि लिंगाचे घोळ, आणि सगळा देश त्यावर फिदा. तोच घोळ अल्जिरियाहून आलेल्या भाजीवाल्याने केला तर तो "मिसळून जात नाही" असं होतं. मला स्वतःला दोन्ही अनुभव आलेत, भारतीय म्हटलं की योगा आणि चेहरा खुलतो, बसमध्ये कोणी काही न विचारता अरब समजलं की तोच उच्चार त्यांना कळेनासा होतो.

आणि परक्याचं कशाला, यांच्यातल्याच दक्षिणेच्या लोकांना काय वागणूक आहे? २०१८ मध्ये मेलांशों या मोठ्या पुढाऱ्याने तुलूजकडच्या हेलात प्रश्न विचारणाऱ्या महिला पत्रकाराची कॅमेऱ्यासमोर नक्कल केली आणि वर विचारलं की कोणाकडे फ्रेंचमध्ये प्रश्न आहे का. नंतर बराच गदारोळ झाला, २०२० च्या नोव्हेंबरात तिथल्या लोकसभेने उच्चारावरून भेदभाव करण्याविरुद्धचं विधेयक ९८ विरुद्ध ३ ने पहिल्या फेरीत मंजूर केलं. याला एक शब्दही आहे त्यांच्याकडे, ग्लोतोफोबी.

मुळात फ्रेंच ही अख्ख्या फ्रान्सची भाषा नव्हतीच. १७९४ मध्ये ग्रेग्वार नावाच्या पाद्र्याने क्रांतीच्या संसदेपुढे अहवाल ठेवला त्यात निदान साठ लाख लोकांना फ्रेंच येतच नाही आणि शुद्ध बोलणारे तीस लाखांच्या वर नाहीत असं आहे. मग शाळा आली. फ्रान्सच्याच ब्रिटनी भागात ब्रेटन ही तिथली भाषा बोलताना पोरगं सापडलं की त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा नाहीतर जुना बूट अडकवायचे, त्याने दुसरं पोरगं पकडून दिलं की ते त्याच्या गळ्यात. ज्यांच्या पणजोबांनी ही भाषा मार खाऊन शिकली ते आता माझ्या र ला हसतात. मला राग येत नाही, पण शब्दवेडा म्हणतात तसं निव्वळ भाषेचं प्रेम पण वाटत नाही.

शिकवणीबाई
नदीकाठचा, पटलं. वर्गात मी हे कधी सांगत नाही, सांगायला पाहिजे.

मुळामुठा
मी फ्रेंचमधलं बोंजूरच्या पुढे काही जाणत नाही, पण हे वाचता वाचता माझीच चोरी पकडली गेली. आमच्या सोसायटीत वॉचमन बिहारचा, तीन वर्षांत बऱ्यापैकी मराठी शिकला, मला मुद्दाम "ताई, तुमचा पार्सल आली आहे" म्हणतो. आणि मी काय उत्तर देते? "हां भैया, रख दो." दर वेळी! त्या बँकेतल्या मुलासारखंच की. आणि माझं हिंदी म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, नवरा म्हणतो त्यापेक्षा बिहारी भोजपुरी कळेल.

थालीपीठ२
आणि कोणी "पानी" म्हटलं की आपल्या भुवया? माझी मामेबहीण नागपूरची लग्न करून पुण्यात आली, तिच्या "करून राहिली" वर सासरच्यांनी दहा वर्षं करमणूक करून घेतली. तुलूजवाल्या बाईला माझा सलाम.

शब्दवेडा
न आणि ण चा फरक अर्थाचा आहे, त्याची तुलना

मुळामुठा
@शब्दवेडा वाक्य पूर्ण करा, पूर्णविराम राहिला 😄

निळी_छत्री
एक कामाचं सांगून ठेवतो कारण आळूवडींना लागेल. १ जानेवारी २०२६ पासून फ्रान्समध्ये राहण्याच्या परवान्याचे (कार्डाचे) आणि नागरिकत्वाचे भाषेचे नियम बदललेत. आधी काही वर्षांच्या कार्डाला भाषेचा अभ्यासवर्ग केलात की चालायचं, आता ए-टू पातळी सिद्ध करावी लागते, दहा वर्षांच्या कार्डाला बी-वन आणि नागरिकत्वाला बी-टू. बी-टू म्हणजे चेष्टा नाही, वादविवाद करता आला पाहिजे. तुमच्या व्हिसाचा प्रकार कुठला आहे ते बघा, काही जणांना सूट आहे. पण बी-वन हातात आहे तर बी-टू ची तयारी आत्ताच करा, बेकरीच्या रांगेत फुकट क्लास मिळतोयच.

आळूवडी
सगळ्यांचे आभार, कामाच्या गडबडीत दहा दिवस येता आलं नाही. अपडेट देते.

एक, बोंजूरचा प्रयोग केला. बेकरीत शिरले, थांबले, बोंजूर मादाम, तिच्याकडे बघून. ती हसली! दीड वर्षात पहिल्यांदा दात दिसले. मग मी "अं क्रुआसाँ" म्हटलं, ते पुल्लिंगी निघालं, सुटले.

दोन, बँकेत परत काम होतं, तोच मुलगा. तो इंग्लिश, मी फ्रेंच, सात-आठ मिनिटं तसंच चाललं, बाजूच्या खुर्चीवरचे आजोबा टेनिसची मॅच बघितल्यासारखी मान हलवत होते. शेवटी तो फ्रेंचवर आला, पण मला वाटतं काम संपलं म्हणून.

@नदीकाठचा तुमचं वाचून एक आठवलं. आमच्या मजल्यावर मोरोक्कोची एक बाई आहे, तिचं फ्रेंच माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं, आणि आजी माझ्याशी सावकाश बोलतात, तिच्याशी नाही. माझ्या लक्षात आलं होतं, मी त्याला माझं कौतुक समजत होते.

आणि तीन. आजींना मी मेरिमेच्या श्रुतलेखनाबद्दल विचारलं तर त्या उठल्याच, आतून एक जुनं पुस्तक, चष्मा आणि दोन वह्या घेऊन आल्या. मला म्हणाल्या तू पण लिही. मग वाचणार कोण, तर त्यांचा नातू आला होता त्याला बसवलं. माझ्या चुका ८८ पर्यंत मोजल्या आणि नातवाने माणुसकी म्हणून सोडून दिलं, म्हणजे मी नेपोलियनच्या खाली. आजींच्या नऊ निघाल्या. आजी एकदम गप्प. पुस्तक ओढून घेतलं, चष्मा पुसला, परत एकेक ओळ ताडून बघितली आणि म्हणाल्या, या आवृत्तीत छापणाऱ्याने चुका केल्या आहेत.

थालीपीठ२
जरा नीट चौकशी करा, आजींचं माहेर कसब्यातलं निघेल.